ट्रंकभर वर्द्या

आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावात घरटी एक माणूस फौजेत. आमच्या घरातून माझा नंबर होता. साताऱ्याच्या भरतीत छाती दीड इंच कमी भरली आणि मी ऑइल इंजिनच्या सुट्या भागांचा फिरता विक्रेता झालो. देशाचं काही अडलं नाही. मला मात्र जुन्या लष्करी वर्द्यांच्या सचित्र पुस्तकांचा नाद लागला.

नाद म्हणजे लय वाईट. महिन्यातले वीस दिवस मी एसटीत असायचो. सांगलीच्या मुक्कामात रद्दीवाल्यांच्या ढिगात बसायचं, मिरजेला स्टेशनाबाहेर हुडकायचं, पाचगणीला जुन्या बंगल्यांतलं सामान विकायला निघालं की इंजिनाचं गिऱ्हाईक सोडून तिकडं पळायचं. पुस्तकं इंग्रजीत असत. दोन तर कुठल्या भाषेत होती तेही मला अजून ठाऊक नाही. आपल्याला मतलब चित्रांशी. फ्रान्सच्या घोडदळाच्या डगल्यावर बटणांच्या रांगा किती, रशियाच्या तोफखान्याची कॉलर कोणत्या रंगाची, हे मला झोपेतून उठवून विचारावं. कुणी विचारलं नाही.

आमचे वडील, म्हणजे आबा, हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. मोठ्या लढाईत ते इटलीला होते. त्याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. बोलले ते उसाच्या पाण्याबद्दल. एकदा मी हौसेनं त्यांना टोपीवर हातभर पिसं लावलेला शिपाई दाखवला. आबांनी पान लांब धरून पाहिलं.

"ह्यो लपणार कुठं रं?" म्हणाले, आणि विहिरीवरची मोटार चालू करायला गेले.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी माझ्या लाकडी कपाटाला वाळवी लागली. रशियाच्या तोफखान्याचे पाय खाल्ले. मी हादरलो. पत्र्याची वस्तू घरात एकच, आबांची फौजेतली काळी ट्रंक. आबा तेव्हा पाटणला बहिणीकडं गेले होते. आई आणि बायको गोधड्या घेऊन ओढ्यावर. मी ट्रंक उघडली. वर एक घोंगडी, खाली डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे दोनतीन खाकी कपडे. आखूड कोट होता एक, लोकरीचा. उचलून पाहिला. सोनेरी दोरी नाही, झालर नाही. असले कोट आमच्याकडं पावसात उसाला पाणी पाजताना घालतात.

आणि नेमकी त्याच वेळी दारात बोहारीण. डोक्यावर पाटी, तोंडानं "हाय का जुनं कापड?" बोहारणीशी घासाघीस करणं हे बाईमाणसाचं काम, पण मी फिरता विक्रेता, हटतोय कशाला! तिनं वाटी दाखवली, मी पातेल्यावर अडून बसलो. लोकर आहे म्हटलं, हात लावून बघ. शेवटी कोटासकट सगळे खाकी कपडे देऊन स्टीलचं पातेलं घेतलंच. लग्नानंतर बायकोनं माझं कौतुक केलं ते त्या दिवशी. ट्रंकेत चाळीस पुस्तकं फिट्ट बसली.

जानेवारीत शाळेचे हेडमास्तर घरी आले. यंदा सव्वीस जानेवारीला झेंडा आबांनी फडकवावा, गावातले सगळ्यांत जुने फौजी तेच. आबांनी आढेवेढे घेतले नाहीत. "वर्दीत येतो," एवढंच म्हणाले. मास्तर गेल्यावर ट्रंकेपाशी बसले. माझी पुस्तकं एकेक करून बाहेर काढली, कोपरे न दुमडता खाटेवर रचली. ट्रंकेचा तळ दिसला तरी हात आत फिरवत राहिले.

"कोट?"

मी सांगितलं. आईनं चुलीपुढं कपाळावर हात मारून घेतला. चुलीवर तेच पातेलं होतं.

आबा मला शिव्या देतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. द्यायला हव्या होत्या. ते म्हणाले, "तुला तर समद्या वर्द्या वळखू येत्यात की रं."

दुसऱ्याच दिवशी मी सांगली गाठली. तिथं जुन्या कपड्यांच्या बाजारात एक जैन व्यापारी बोहारणींकडून माल घ्यायचे. बोलायला मऊ माणूस. त्यांच्या वखारीत खाकीचा ढीग छपराला लागलेला. ते म्हणाले, "शोधू की. खूण काय सांगा."

बटणं पितळी होती की काळी? खिसे किती? काही म्हणजे काही सांगता येईना. हातात धरून लोकर विकली होती मी, पाहिली नव्हती. लाजेनं मेल्यासारखं झालं.

घरी येऊन आबांनाच खूण विचारली. पिशवीतल्या एका पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतली. आबा उसाच्या बांधावर बसून सांगत होते: डाव्या कोपराला काळ्या दोऱ्याची रफू, ती त्यांची स्वतःची. उजव्या खिशाचं बटण निराळं, लाकडी. "इटलीत एका म्हातारीच्या गोठ्यात ऱ्हायलो व्हतो. तिनं लावलं. तिचा ल्योक लढाईत गेल्याला. त्येच्या कोटाचं काढलं नि मला लावलं." एवढं ते माझ्याशी जन्मात एका दमात बोलले नव्हते.

सव्वीस जानेवारीला आबांनी धोतर-सदरा घातला, फेटा बांधला, पदकं सदऱ्यावर लावली. कापड पातळ, पदकं खाली ओघळली. सलाम कडक झाला. मी पोरांच्या मागं उभा होतो.

पुढं दोन वर्षं मी फिरतीवर जिथं जाईन तिथं जुन्या कपड्यांचे ढीग उपसले. कराड, मिरज, तासगाव. परत आलो की आबा विचारायचे, "घावला?" मी म्हणायचो, "न्हाई." मग त्यांनी विचारणं सोडलं. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

त्यानंतर एका संध्याकाळी सांगलीहून आलो. आबा ओट्यावर त्या पातेल्यातला चहा पीत होते. माझ्या पिशवीकडं बघून म्हणाले, "का रं, पुस्तक घावलं का येखादं?"

"न्हाई," म्हणालो.

पिशवीत एक होतं.