उकंडरावांचा हिरवा टँकर

गोपीचंद राठोड रागीट माणूस आहे, हे आमच्या तांड्यातल्या शेंबड्या लेकरालाही ठाऊक आहे. कनेरगाव नाक्यावर ढाब्यांच्या पलीकडे त्याचं पत्र्याचं शेड आहे. तिथे तो ट्रक रंगवतो आणि रंगवता रंगवता ट्रकवाल्यांना शिव्या घालतो. तरी ते त्याच्याकडेच येतात. त्याच्याविषयी लिहायचं म्हटलं तर मला जमेलसं वाटत नाही. चार ओळी जुळवतानाही मी अडखळतो. पण उकंडरावांच्या वर्षश्राद्धाच्या वेळी जे झालं ते मी जवळून पाहिलं, आणि त्याचा तेव्हाचा राग मला मुळीच चुकीचा वाटला नाही.

उकंडराव उन्हाळाभर पाण्याचा टँकर चालवायचे. साखरा, पुसेगाव, आमचा तांडा, जिथे विहिरी आटल्या तिथे. टँकर ठेकेदाराचा, पण त्याला हिरवा रंग गोपीचंदनेच दिलेला. मागे पांढऱ्या अक्षरांत ‘पिण्याचे पाणी’ हेही त्यानेच लिहिलेलं. गेल्या वर्षी उकंडराव वारले, आणि ठेकेदाराने टँकर भंगारात घातला. त्यांच्या बायकोला एकदा विचारलंसुद्धा नाही.

त्यांचा पुतण्या कुलदीप पुण्याकडे कारखान्यात आहे. तिथे पत्र्याच्या वस्तूंना पावडर कोटिंग करतात. म्हणजे रंगाची कोरडी भुकटी फवारून भट्टीत भाजतात, की ती वितळून पत्र्याला घट्ट चिकटते. फोटोवरून मापं काढून त्याने मित्रांकडून काकांच्या टँकरची हातभर लांब प्रतिकृती करून घेतली. चाकं, शिडी, मागचा नळ, सगळं मापात. फक्त त्या दिवशी भट्टीत नारिंगी रंग चालू होता, म्हणून टँकर नारिंगी झाला.

उकंडरावांच्या पत्नीने, जिवनबाईने, तो मांडीवर घेऊन सगळीकडून पाहिला.

“लई चांगला केला रे लेकरा. पन हा त्यायचा न्हाई. फोटोजवळ ठेवला तर त्यायला वाटंल, दुसऱ्याचीच गाडी आनली.”

कुलदीप टँकर घेऊन शेडात आला तेव्हा मी तिथे बाकड्यावर चहा पीत होतो.

“गोपीकाका, याच्यावर हिरवा मारून द्या. परवा कार्यक्रम हाय.”

“मारून द्या म्हनं! काचेवर रंग बसतो का? हे भाजलेलं हाय, बाबू. तसाच मारला तर नखानं सालपट निघंल.”

त्याने पाणकागद ओला केला आणि घासायला बसला. शिडीच्या मागे बोट जाईना, तिथे आगकाडीला कागद गुंडाळून घासलं. कुलदीपचा जीव वरखाली होत होता.

“काका, इतकी झकास चमक हाय, काहून घालवून राहिले?”

“चमक हाय तोवर रंग धरनार न्हाई. खालचा पत्रा उघडा पडू द्यायचा न्हाई, वरची चमक तेवढी मारायची. तू गप बस.”

सगळा टँकर मंद, धुरकट झाला. मग साबणाने धुऊन, वाळवून त्याने तो कुलदीपकडे दिला. शेड रात्री उघडं राहतं, रस्त्याची धूळ बसते. “घरी ने. कपडा झाक. कोनी बोट लावायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी टँकर आला. गोपीचंदने रंगाआधीचं राखाडी अस्तर फवारलं आणि पाहता पाहता त्यावर देवीच्या वणांसारखे खळगे पडले. त्याने टँकर नाकाशी नेला.

“तेल! कोनं लावलं रे?”

आमच्याकडे घरात सायकल जरी आली तरी तिला तेल-कुंकू लावतात. जिवनबाईने तेच केलं होतं.

“काकूनं लावलं,” कुलदीप म्हणाला, “पन मी पुसून काढलं ना.”

“पुसलं? साऱ्या अंगाला चोळलं म्हन, गाढवा!”

“जाऊ द्या आता. मारा वरून हिरवा. फोटोपुरतं पायजे, स्टेटसला टाकायचं. मंग कोन पाहून राहिलं?”

गोपीचंदने फवारणीची पिचकारी खाली आपटली.

“फोटोपुरता मेला का तुझा काका? शेवटच्या म्हातारीचा हंडा भरल्याबिगर गाडी हलवत नव्हता तो! ठेकेदारानं भंगार केलं, तू तमाशा कर!”

 

तिथून तो तडक जिवनबाईच्या अंगणात गेला. मी मागोमाग.

“वहिनी, बोट लावू नका म्हनून निरोप धाडला होता ना?”

“अन् तेल न लावता घरात घेऊ? तुझ्या दादाची गाडी?”

“मंग रंगवायलाबी देवालाच सांगा!”

“वरडू नको माझ्यावर. रंग बसंल का, तेवढं बोल.”

“बसंल. पन आता वाळायच्या आधी कोनाचं बोट लागलं तर मी पुन्हा हात लावनार न्हाई.”

“न्हाई लागनार.”

त्याने थिनरने अस्तर उतरवलं, कपडे धुवायच्या पावडरीने टँकर खरवडून धुतला, पुन्हा घासला, पुन्हा अस्तर दिलं. मग हिरव्याचे पातळ हात, एक सुकला की दुसरा. शिव्या चालूच. मागची पांढरी अक्षरं मात्र कार्यक्रमाच्या सकाळी कुठे लिहून झाली.

उकंडरावांच्या फोटोजवळ पाटावर टँकर ठेवला. जिवनबाईने पाहिला, पदर तोंडाला लावला, आणि मग काठी घेऊन पाटापुढे बसली. तांड्याचे नायक किशनराव कुंकवाचा अंगठा घेऊन वाकले, तर तिने त्यांचं मनगट धरलं.

“मागं घ्या हात, नायक. ओला हाय.”

“अवो, कुंकू तर लावू द्या. लोक उपाशी बसून हायत.”

“बसू द्या.”

कुलदीप उजेडात फोटो काढायला टँकर सरकवू लागला, त्याच्या बोटांवर काठी बसली. “डोकं फिरलं हिचं,” नणंद सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. आत भात गार होत होता. लेकरं रडू लागली.

शेवटी दारातून गोपीचंद म्हणाला, “वहिनी, हिरवा वाळला आता. लावू द्या एक बोट.”

“तू गप. अक्षरं चमकून राहिली, दिसत न्हाई का तुला?”

गोपीचंदने वाकून पाहिलं. त्याने चप्पल काढली आणि पंगतीत जाऊन बसला. नायकांनी थोडा वेळ अंगठा हवेत तसाच धरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि कुंकू स्वतःच्याच कपाळाला लावून टाकलं.