बझरवरची चिकटपट्टी

तो ज्या खोलीत काम करायचा तिथे प्रतिध्वनी नव्हता. भिंतींना, छताला, दारालासुद्धा निळ्या फोमचे सुळके लावलेले. हाक मारली तर ती सुळक्यांत विरून जायची. नवीन माणूस थोड्या वेळातच कावराबावरा होऊन बाहेर पडे. तो मात्र तिथे रमायचा. कधी कधी त्याला स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येई आणि वाटे, आपण एखाद्या झोपलेल्या प्रचंड जनावराच्या पोटात बसलो आहोत.

खोलीच्या मधोमध मोटार उभी असे. तिच्यात बसवलेलं यंत्र रेडिओवरून इतर मोटारींना सांगत राही: मी इथे आहे, एवढ्या वेगात येते आहे, आत्ता ब्रेक दाबला. ऐकणाऱ्या मोटारीने धोका ओळखून लाल दिवा लावायचा, बझर वाजवायचा, चालकाला सावध करायचं. असं यंत्र रस्त्यावर येण्याआधी कोणत्या कसोट्यांना उतरलं पाहिजे, ते ठरवणाऱ्या संस्थेत तो नोकरीला होता. कसोटी लिहायची, करून बघायची, पुन्हा लिहायची. प्रत्येक कलमावर त्याला काही ना काही शंका येई, म्हणून ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो हसे.

संध्याकाळी घरी जाताना सिग्नलपाशी थांबलेल्या गाड्यांकडे तो बघत राही. त्यांच्या टपांवरून एक न दिसणारी कुजबुज वाहते आहे असं त्याला वाटे. मी आहे, मी आहे. दिवे लागत, काचांवर उजेड ओघळे, आणि सगळा रस्ता पाण्याखाली गेल्यासारखा होई. कुणी कुणाला धडकत नसे.

घरी थोरली बहीण. तिचा नवरा गेल्यापासून दोघं एकत्र राहत. ती शहराच्या बसवर चालक होती. जेवताना ती दिवसभराचे प्रवासी नकलांसकट सांगे आणि हा मान डोलावी. तुझ्या मोटारी एवढ्या बोलतात, ती म्हणे, आणि तू घरी येऊन तोंडात मिठाची गुळणी धरून बसतोस.

कसोट्यांचा मसुदा पुरा होत आला तेव्हा काही बसमध्ये आणि त्याच मार्गांवरच्या बऱ्याच खाजगी गाड्यांत यंत्रं चाचणीसाठी बसवली गेली. ताईची बस त्यांपैकी एक. मसुद्याला मंजुरी मिळाली की शहरातल्या सगळ्या बसमध्ये ही यंत्रं लागणार होती. मंजुरीच्या बैठकीच्या आदल्या दुपारी त्याने रजा काढली आणि ताईच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. आपलं यंत्र बोलताना त्याला ऐकायचं होतं.

बस संथ चालली होती. ऊन एका सीटवरून दुसऱ्या सीटवर सरकत होतं. यंत्रावरचा लाल दिवा मधूनच लागे, विझे. आवाज मात्र येत नव्हता. त्याचा डोळा लागत होता, एवढ्यात पुढच्या व्हॅनने अचानक ब्रेक मारला. लाल दिवा त्याने पाहिला. ताईने पाहिला नाही, तिची नजर आरशात होती. व्हॅन दिसली तेव्हा तिने करकचून ब्रेक दाबला. माणसं पुढे फेकली गेली, एका आजोबांचा चष्मा पायाखाली आला. बस व्हॅनला टेकता टेकता राहिली.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाल्यावर त्याने वाकून पाहिलं. बझरच्या भोकांवर खाकी चिकटपट्टी लावलेली होती. सोलायला सोपी जावी म्हणून एक कोपरा दुमडलेला.

"ताई, हे तू लावलंस?"

"मी नाही तर काय शेजारणीने? अरे, दिवसभर बोंबलतं ते. बाजूच्या लेनमधून कुणी गेलं तरी पीं, बस उभी असली तरी पीं. रोज लांडगा आला रे आला. खरा आला तेव्हा..." तिने पाण्याची बाटली उघडली. "उद्या सगळ्या गाड्यांना लावणार ना हे?"

निळ्या खोलीतल्या बझरवर अशीच पट्टी होती, कोपरा असाच दुमडलेला. ती त्याने स्वतः लावली होती. इशारा गेला की नाही ते कॉम्प्युटरवर दिसायचं, मग कानाला त्रास कशाला? आवाजाच्या कलमापुरती पट्टी सोलायची, एकदा वाजवायचं, की पास. बझर उगाच किती वेळा वाजतो, एवढी एकच शंका शंकासुराला आली नव्हती.

सकाळच्या बैठकीत अध्यक्ष मॅडमनी मसुदा वाचला आणि कुणाला काही शंका आहे का, असं विचारलं. सगळे त्याच्याकडे बघून हसले. तोही सवयीने हसला, मग उभा राहिला.

"मॅडम, मी बझरचं तोंड बांधून त्याची परीक्षा घेतली. आणि पास केलं."

त्याने कालचं सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता मसुदा मागे घेतला तर वर्ष वाया जाईल, कंपन्या डोक्यावर बसतील, आणि ठपका येईल तो त्याच्यावर, हे त्यांनी शांतपणे समजावलं. मग विचारलं, किती वाजलं म्हणजे फार, हे ठरवायचं कसं? चालकांच्या मागे बसून, तो म्हणाला, पट्टी न लावता. मॅडमनी मसुदा उलटा करून ठेवला.

पुढच्या आठवड्यात तो ताईच्या मागे बसला होता. बझर उघडा. यंत्र पहिल्या वळणापासूनच किरकिरायला लागलं. प्रवासी माना वळवत होते.

"हा खरा?" तो विचारी.

"खोटा."

"हा?"

"खोटा. आणि डोकं खाऊ नकोस, तुझ्या यंत्रासारखा."

रस्ते वाहत होते. झाडांच्या सावल्या काचेवरून, तिच्या हातांवरून, त्याच्या गुडघ्यांवरून जात होत्या. पुन्हा आवाज झाला. समोर रस्ता मोकळा होता, कडेला नुसता एक मालट्रक उभा. ताईचा पाय ब्रेकवर गेला. ट्रकच्या आडून एक छोटी मोटार बाहेर आली, बसच्या नाकासमोरून निघून गेली.

त्याने काही विचारलं नाही. ताईने गिअर टाकला, बस चालू झाली.

"हा खरा," ती म्हणाली.