पाठवणीचं गाणं कुणाचं

नाशिक रोडच्या आसपास कितीतरी घरांत, कपाटाच्या वरच्या फळीवर, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये माझा आवाज पडून आहे. नवरी गाडीत बसायला निघते, सगळे डोळे पुसतात आणि मागून एक बाई गाते, ती मी. निदान सुरुवातीच्या कॅसेटांमध्ये मी. नंतरच्यांमध्ये दुसरी आहे. तिच्याबद्दल शांतपणे लिहायचं असं ठरवून बसले आहे, पण जमेल असं वाटत नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. लग्नाचं शूटिंग करायची टूम नुकती निघाली होती आणि आमची कंपनी म्हणजे तीन माणसं होती. दादा म्हणजे मालक आणि कॅमेरामन, आधी फोटो स्टुडिओ चालवायचे. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी पेटीवर चाली बसवायचे. तिसरी मी, बी.ए. होऊन घरी बसलेली, गाणी लिहिणारी आणि गाणारी. जागा पिठाच्या गिरणीवरची एक खोली. गिरणी चालू असली की पेटीसुद्धा थरथरायची, म्हणून गिरणीला सुट्टी तो आमचा रेकॉर्डिंगचा दिवस. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या असत. उन्हाळ्यात त्या खोलीत गाणं म्हणणं ही शिक्षाच होती आणि ती मी फार आनंदाने भोगली.

दादांचा एक हट्ट होता. सिनेमातली गाणी लावायची नाहीत. "ती सगळेच लावतात. आपल्या कॅसेटवर आपलं गाणं," असं ते गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचे. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी जयंतीच्या गाण्यांच्या कॅसेटी निघायच्या, त्यात गायला आणखी लोक असायचे. पण लग्नाची गाणी आमच्या तिघांची. त्यातलं पाठवणीचं गाणं तर संपूर्ण माझं. 'जाते गं आई, कडी नको लावू' असं त्याचं धृपद होतं. शब्द माझे, आवाज माझा, आणि खरं सांगायचं तर चालही निम्मी माझीच, मास्तर काहीही म्हणोत.

गाणं व्हिडिओवर घालायची रीत साधी होती. शूटिंगची कॅसेट मशीनमध्ये घालायची, जिथे गाणं हवं तिथे थांबायचं, बटण दाबायचं आणि शेजारच्या टेपवर गाणं सुरू करायचं. चित्र जसंच्या तसं राहायचं, पण तेवढ्या भागातला मूळ आवाज पुसला जायचा. एका जागी एकच आवाज राहील, अशी ती मशीन होती. त्याचं कुणाला काही वाटत नसे. मूळ आवाजात होतं काय, तर बँडवाल्यांचा गोंधळ, पोरांची रडारड आणि "गाडी मागे घ्या, मागे घ्या". त्यापेक्षा माझं गाणं केव्हाही बरं.

घरी माझ्या गाण्याचं कौतुक आईला होतं. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, मला कधी कळलंच नाही. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. मशिनींच्या आवाजात उभं आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि आपण हळू बोलतो असा त्यांचा ठाम समज होता. त्यांची कुजबुज आमच्या सबंध कॉलनीला कळायची. नवी कॅसेट घरी आणली की ते टेपला कान लावून शेवटपर्यंत ऐकायचे आणि मग विचारायचे, "चहा झाला का?" बस. मी प्रत्येक कॅसेटच्या वेळी वाट बघायची. दर वेळी चहाच.

आता ती.

निफाडकडच्या एका लग्नात, हळदीच्या वेळी, नवरीची एक मैत्रीण बायकांच्या घोळक्यात बसून गायला लागली. मी दादांच्या मागे रेकॉर्डरची बॅग खांद्याला अडकवून उभी होते. कॅमेऱ्याला डोळा लावला की दादा जेवायला उठत नसत, त्यांनी डोळा काढला आणि नुसते ऐकत राहिले. मास्तर मांडवाच्या कडेला सुपारी कातरत होते, ते अडकित्ता हातात तसाच धरून पुढे आले. मी तिथल्या तिथे ओळखलं की आपलं काही खरं नाही.

"कुणाकडे शिकलीस?" मास्तरांनी विचारलं.

"कुनाकडं शिकायचं वो? आमच्याकडं बाया म्हणत्यात तेच म्हणलं," ती म्हणाली आणि मोठ्याने हसली.

ती नाशिक रोडला मामाकडे राहून शिवणक्लासला जायची. पुढच्या आठवड्यात ती गिरणीवरच्या खोलीत हजर. शेतकऱ्याची मुलगी, उंच, आडव्या हाडाची, आल्या आल्या गाद्यांना टेकून बसली. येताना पाटीभर द्राक्षं आणायची, त्यातली निम्मी स्वतःच खायची आणि बिया खिडकीतून खाली गिरणीच्या पत्र्यावर उडवायची. लाजणं-बिजणं काही नाही. मला ताई म्हणायची. त्या ताईचासुद्धा मला राग यायचा.

तिचा आवाज कसा होता हे सांगायला मला आजही जड जातं. बोलताना 'लय' आणि 'नाय', पण गायला लागली की शब्दन् शब्द धुतल्यासारखा. आणि वरच्या सुरावर गेली की आवाजात एक बारीक चीर पडायची. माझ्या आवाजात तशी चीर नव्हती. मी घरी, न्हाणीघरात, ती पाडायचा प्रयत्न करून पाहिला. आईने बाहेरून विचारलं, "पाय घसरला का गं?"

मग व्हायचं तेच झालं. दादा म्हणाले, "पाठवणीचं गाणं एकदा हिच्या आवाजात करून बघू. तूच शिकव तिला."

माझं गाणं मीच शिकवायचं. शिकवलं. एक हरकत गाळली नाही, एक जागा लपवली नाही. चुकीचं शिकवलं असतं तर मास्तरांच्या तत्काळ लक्षात आलं असतं, हा एक भाग. दुसरा भाग असा की मला बघायचं होतं, सगळं बरोबर सांगूनही ती माझ्याइतकं म्हणते का. ती माझ्यापेक्षा चांगलं म्हणाली. गाणं संपलं तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. माझ्या वेळी त्यांनी कधी चष्मा काढला नव्हता.

त्यानंतर दादांनी पद्धत पाडली. गिऱ्हाईक आलं की टेपवर दोन्ही ऐकवायची, आधी माझं, मग तिचं, आणि विचारायचं, कुठलं लावू? एकदा देवळालीकडची एक बाई आली, मुलीचं लग्न झालेलं. मीच तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. तिने दोन्ही गाणी ऐकली आणि मला म्हणाली, "पहिलीचं नको बाई. ती छान म्हणते, पण रडू येत नाही." पहिली म्हणजे मी, हे तिला कुठून कळणार? मी म्हटलं, "साखर पुरे ना?"

तेवढ्यातच आणखी एक गोष्ट घडली. आमच्याकडून कॅसेट नेलेली एक मुलगी माहेरपणाला आली तेव्हा खोलीवर आली. निघताना तिचा भाऊ काहीतरी बोलला होता, सगळे हसले होते, ते कॅसेटमध्ये ऐकू येत नाही म्हणाली. दादांनी समजावलं की तिथे गाणं आहे, खालचं गेलं. ती "बरं" म्हणून गेली. मी विसरून गेले. निफाडची मात्र त्या मशीनकडे बघत बसली होती आणि दादांना विचारत होती, "म्हंजी कायमचंच जातंय?"

मग माझं लग्न ठरलं. इंदिरानगरकडे तेव्हा नुकती घरं उठत होती, त्यातल्या एका घरातला सरकारी कारकून. शूटिंग आमचीच कंपनी करणार, हे ओघानेच आलं. मी दादांकडे एकच गोष्ट मागितली. माझ्या कॅसेटमध्ये पाठवणीला माझं गाणं पाहिजे, माझ्या आवाजात. सगळ्या गावाने तिला निवडलं, ठीक आहे. पण माझ्या स्वतःच्या पाठवणीला ती गाणार असेल तर मला ती कॅसेटच नको. दादा हसून म्हणाले, "अगं वेडे, तुझंच लावणार." हे मी घरी आईला सांगितलं, तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. त्यांना ऐकू गेलं असेल असं वाटलं नाही.

लग्न साधं झालं. बुद्धवंदना झाली, पांढऱ्या साडीत मी, कपाळावर घाम. आणि समोर हॅलोजनचा दिवा धरून कोण उभी, तर तीच! दादांना माणूस हवं होतं म्हणे. म्हणजे माझ्या लग्नात माझ्या तोंडावर उजेड पाडायलाही तीच. निघायच्या वेळी मी इतकी रडले की कोण काय म्हणालं ते काही कळलं नाही.

महिन्याभराने कॅसेट आली. सासरी व्हीसीआर नव्हता, रविवारी दुपारी भाड्याने आणला. शेजारपाजारचे सगळे जमले, मुलं पुढे, म्हातारी माणसं खुर्च्यांवर. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की शेवटी माझं गाणं आहे, जरा शांत बसा.

शेवट आला. मी आईच्या गळ्यात पडले आणि गाणं सुरू झालंच नाही. नुसता गोंधळ. कुणाचं तरी पोर रडतंय, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि सगळ्यांवर ताण म्हणजे माझं नाक ओढत रडणं, टीव्हीवरून खोलीभर. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. माझे कान तापले. मी मनात म्हटलं, हिनेच केलं. माझं गाणं माझ्या लग्नातसुद्धा हिला बघवलं नाही. त्या वेळी ती समोर असती तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

तेवढ्यात अण्णांचा आवाज आला. अण्णा चित्रात नव्हते. चित्रात मीच रडत होते. ते दादांच्या कानाशी, म्हणजे अगदी कॅमेऱ्याच्या माइकजवळ उभे असणार, आणि ते कुजबुजत होते. अण्णांची कुजबुज, म्हणजे साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी.

"दादा, शेवटाला गाणं आमच्या पोरीचंच लावा बरं का. त्या निफाडच्या मुलीचं नका लावू. ती गाते चांगली, नाय म्हणत नाय. पण आमच्या पोरीचं ऐकलं का मला दिवसभर दुसरं काय ऐकावंसं वाटत नाय."

खोलीत सगळे हसले. मी हसले नाही, कारण मी पडद्याकडे बघत होते. अण्णांचं बोलणं चालू असताना माझ्या तोंडावरचा उजेड हलला. एकदम खांद्यावर सरकला, मागच्या कनातीवर गेला, आणि मग सावकाश परत येऊन माझ्या तोंडावर स्थिर झाला. तो दिवा कुणाच्या हातात होता हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

माहेरी गेले तेव्हा तडक गिरणीवर गेले. ती एकटीच होती, कॅसेटांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

"माझं गाणं का नाही घातलं?" मी विचारलं.

"घालायलाच बसलो हुतो ताई. दादा बटण दाबाया लागले. म्या म्हणलं, थांबा, अण्णा पुसले जातील."

"थोडं आधी, थोडं नंतर घालता आलं असतं."

"मास्तर नाय म्हणले. तुटकं गाणं म्हंजी तुमचा अपमान."

"अण्णा तुझ्याबद्दल काय बोलले ते ऐकलंस ना? मग ते ठेवायचं कशाला?"

"मग? चांगली गाते म्हणले की!" ती हसली, नेहमीसारखी मोठ्याने. मग चिठ्ठीवरून बोट फिरवत म्हणाली, "गाणं काय ताई, तुम्ही कवाबी म्हणाल. ते परत कुठं बोलायचेत?"

आणि ते परत बोलले नाहीतच. मी त्यांना ती कॅसेट दाखवली तेव्हा ते शेवटपर्यंत बघत राहिले, स्वतःचा आवाज त्यांना ऐकू आला की नाही कुणास ठाऊक, आणि म्हणाले, "चहा झाला का?"

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. कंपनीही राहिली नाही. निफाडची पुढे लग्न होऊन कुठेशी गेली. त्या कॅसेटची मी पुढे नक्कल काढून घेतली. अण्णांची आठवण झाली की शेवटचा भाग लावते. मी रडत असते, उजेड हलतो, परत येतो, आणि अण्णा कुजबुजत दादांना विनवतात की माझ्या पोरीचं गाणं लावा. दादांनी ते ऐकलं असतं तर त्या जागी आज मी गात असते आणि अण्णा नसते. हे तिच्या लक्षात आलं. माझ्या आलं नसतं. त्या मशीनपाशी मी बसले असते तर बटण दाबलं असतं. तिच्या गळ्याचा हेवा मी कधीच सोडून दिला, पण या एका गोष्टीचा काही केल्या सुटत नाही.