कडुनिंबाखालचे स्नान

उज्जैनच्या रामघाटावरच्या दुकानांत शांपूच्या पुड्या नुकत्याच लटकू लागल्या होत्या, तेव्हाचे हे माझे एक स्नानसोबती. कुणी नदीत साबण लावला की ते ओठांवरचे स्तोत्र मध्येच थांबवून गरजत, "अहो, क्षिप्रा आई आहे आपली!"

एकदा केस धुणारी फुलवाली म्हणाली, "और बाबूजी, आपका साबुन गंगाजल से बना है क्या?" सारा घाट हसला. ते आपल्या हातातल्या वडीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते नदीत केवळ डुबकी घेत. साबणासाठी बादली भरून पायऱ्या चढत आणि कडुनिंबाखाली मातीत बसत. लोक विचारत, "घर पे नल नहीं है क्या?" उपदेश मात्र थांबला. मला एवढेच म्हणाले, "शास्त्रीबुवा, आधी मला तर सुधरू द्या."

बऱ्याच महिन्यांनी ती फुलवाली वर आली. "बाबूजी, जरा बाल्टी देना." त्यांनी स्वतः खाली जाऊन बादली भरून आणली.

पुढे ते उज्जैन सोडून गेले. कडुनिंबाखाली आता तिच्यासोबत इतर बायकाही बसतात. हे त्यांना कळवावे, अशी ओढ रोज सकाळी लागते. पण त्यांचे नाव विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.