तीन आकड्यांचे गंगाधर सर

पहिल्या भेटीत गंगाधर सरांनी मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. आदिलाबादेत एका सिमेंटच्या गोदामावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. अरुंद जिना चढून मी धापा टाकत दारात उभी राहिले आणि विचारलं, "गंगाधर सर आहेत का?" आत एकच माणूस, पन्नाशी उलटलेला, कानावर पेन्सिल खोचलेली. मान वर न करता म्हणाला, "दोनशे. बस." माणूस अर्धवट आहे, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पुढची दोन वर्षं मी त्यांच्याच हाताखाली काढली आणि ते मत मला फारसं बदलावं लागलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. क्लासात दोनच मशीनं होती आणि इंटरनेट म्हणाल तर नव्हतंच. त्यासाठी हैदराबादचा नंबर फिरवावा लागे आणि ती चैन आम्हाला परवडत नसे. सरांनी एका मशीनवर वेब सर्व्हर बसवला होता, दुसऱ्यावर ब्राउझर, आणि मधे एक काळी वायर. "हेच आपलं इंटरनेट," ते म्हणत, "दोन हातच लांब हाय, पन हाय." ब्राउझरनं पान मागितलं की सर्व्हर पानाच्या आधी एक तीन आकडी उत्तर पाठवतो. पाहणाऱ्याला ते सहसा दिसत नाही, पण मशीनं एकमेकांशी त्याच आकड्यांत बोलतात. त्या आकड्यांची छापील यादी सरांनी कपाटाच्या दारावर चिकटवली होती आणि शेजारी पेन्सिलीनं, कचेरीतल्या जुन्या भाषेत, अर्थ लिहिले होते. दोनशे: हाजिर. तीनशे एक: मुक्काम कायमचा हलला. चारशे तीन: मनाई. चारशे चार: लापता. पाचशे: कसूर आमची.

"चारनं सुरू झालं का मांगनाऱ्याचं चुकलं समजजो," ते सांगत. "पाचनं सुरू झालं का आपलं चुकलं. मानसाईत हा पाचचा आकडाच नाई पोरी. कोनी म्हनतच नाई का बा, माहं चुकलं."

क्लासच्या मागे पडदा होता आणि पडद्यामागे सरांचं घर. तिथून काकूंचा आवाज यायचा, "चहा घेता का?" आणि सर शिकवता शिकवता ओरडायचे, "दोनशे!" सरांना सुपारीचं भारी वेड. काकू डबा लपवून ठेवत. एकदा सरांनी विचारलं, "सुपारी कुठी हाय वं?" काकूही काही कमी नव्हत्या. "चारशे चार!" सर ताडकन उठले. "खोटं! चारशे चार म्हंजे नाईच. तुह्यापाशी डबा हाय, पन तू देऊन नाई राह्यली. त्याले चारशे तीन म्हनतेत!" पडद्यामागून उत्तर आलं, "बरं बाई, चारशे तीन. झालं समाधान?" क्लासमधले आम्ही अकरा जण हसून हसून बेजार झालो. पण त्या दिवशी 'नाही' आणि 'आहे पण मिळणार नाही' यांतला फरक असा काही डोक्यात बसला की पुस्तकानं बसला नसता.

माझं बिनसलं ते वेगळ्याच ठिकाणी. माझ्या वडिलांचं वांकिडीला किराणा दुकान. आमच्या दुकानाचा कायदा असा की गिऱ्हाइकाला तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही. जिरं संपलं असलं तरी म्हणायचं, "उद्या येऊन राह्यलं, बसा, पाणी घ्या." सरावासाठी मी याच दुकानाची पानं बनवली आणि मोठ्या हौसेनं सर्व्हरला असं शिकवलं की, जे पान नाहीच ते कुणी मागितलं, तर 'माल उद्या येईल, अवश्य यावे' असं फुलांच्या चौकटीतलं पान दाखवायचं. आकडा दोनशे. सरांनी ते पान पाहिलं, मग काळ्या स्क्रीनवर कायकाय टाइप करून सर्व्हरनं धाडलेला आकडा पाहिला, आणि कपाळाला हात लावला.

"हे पान हाय का तुह्यापाशी?"

"नाही सर."

"मंग दोनशे काऊन?"

मी दुकानाचा कायदा सांगितला. त्यावर ते एकदम भडकतील असं वाटलं होतं, पण ते खुर्ची ओढून समोर बसले. "तुह्या बापाले माहा नमस्कार सांग. गोड मानूस दिसते. पन तुह्या 'उद्या'वर इसंबून जो मानूस थांबला, त्यानं दुसरं दुकान पायलं नाई. त्याचं काय?"

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. आधी बरीच वर्षं ते एका लहान गावच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. एका सकाळी एक माणूस आला. त्याचा भाऊ यवतमाळला दवाखान्यात होता, तिथं फोन लावायचा होता. लाईन रात्रीच तुटलेली होती आणि दिवसभर दुरुस्त होणार नाही हे सरांना ठाऊक होतं. पण त्या माणसाचा चेहरा बघून त्यांच्यानं बोलवेना. म्हणाले, "लाईन बिझी हाय, बसा थोडं." तो बसला. दुपारची बस त्याच्या डोळ्यांदेखत गेली, तरी बसूनच राहिला. दुसऱ्या दिवशी यवतमाळला पोचला तेव्हा भाऊ गेलेला होता.

"मी वाईट नाई वागलो," सर म्हणाले. "मी चांगलाच वागलो न त्याच्यासंगं! चहा पाजला त्याले. पन खरा आकडा देला असता तं तो बसमधी बसला असता." एवढं बोलून ते उठले आणि माझं फुलांचं पान त्यांनी मलाच पुसायला लावलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. आदिलाबादेत मी मावशीकडे राहत असे; घरी जाऊन तिच्याजवळ मी सरांना यथेच्छ शिव्या घातल्या.

वर्षभरानं सरांच्या तोंडात गालाच्या आत फोड आला. तो बरा होईना. काकूंनी त्यांना नागपूरला नेऊन तपासण्या करून आणल्या, आणि रिपोर्ट आणायला मला बरोबर घेतलं, कारण मला इंग्रजी वाचता येई. डॉक्टरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. रोग मानेपर्यंत गेला होता. हैदराबादेत मोठ्या दवाखान्यात ठेवता येईल, पण बरं होण्याची आशा धरू नका, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. परतीच्या बसमध्ये काकू माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. आदिलाबाद जवळ आल्यावर म्हणाल्या, "त्याइले सांगू नोको. साधा फोड हाय म्हून सांगू. माह्या गळ्याची आन हाय तुले." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

मग घरात नाटक सुरू झालं. काकू हसत खेळत बोलायच्या आणि चुलीपुढे बसून पदरानं डोळे पुसायच्या. सर क्लास घेत होते, पण त्यांची बोलण्याची गती मंदावली होती. हैदराबादला 'नुसतं तपासायला' जायचं ठरलं. पिशव्या भरल्या. निघायच्या आदल्या सकाळी काकू भाजीला गेल्या असताना सरांनी मला पुढ्यात बसवलं.

"नागपूरचा रिपोर्ट तू वाचला?"

"हो."

"काय हाय त्याच्यात? गोड बोलू नोको. आकडा सांग."

एका बाजूला काकूंची आण, दुसऱ्या बाजूला हा माणूस, ज्यानं मला खोटा दोनशे देऊ दिला नव्हता. 'काही नाही सर, साधा फोड' एवढं म्हटलं असतं तर सगळे सुखी झाले असते. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्यांच्या डोळ्यांत बघून ते मला म्हणता येईनात.

"चारशे तीन," मी म्हणाले.

सर म्हणाले, "हाय म्हंजे. पन सांगाले मनाई हाय. मंग मोठंच हाय." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी हुंदके देत होते आणि तेच मला म्हणत होते, "उगी, उगी. बरोबर सांगतलं तू."

काकू आल्या तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच सर म्हणाले, "वं, इकडं बस. तुले मालूम हाय, मलेबी समजलं. आता लपवाछपवी बंद." काकूंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी आजही विसरले नाही. "आन घातली होती न मी तुले!" एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

हैदराबाद रद्द झालं. सरांनी आमची बॅच पंधरा दिवसांत संपवली, किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि दोघं बाजारहत्नूरकडच्या आपल्या गावी निघून गेले. ज्वारी हुरड्याला आली होती. मी दोनदा भेटून आले. सर ओसरीवर बाजेवर पडलेले असत, काकू हुरडा दुधात कुस्करून त्यांना भरवत असत. मला चहा मिळे, पण काकूंचा शब्द मिळत नसे. आणि माझं चुकलंच असेल का, या विचारानं परतीची वाट मला खायला उठे.

माघात सर गेले. निरोप पोचून मी जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बायका उठून गेल्यावर काकूंनी मला हाक मारली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

"परवा मले म्हने, 'माहा हात धर, मले भेव लागून राह्यलं.' तीस वर्साच्या संसारात तो मानूस भेव लागते म्हून बोलला नाई कधी. अन् मी, सगळं बरं होईन म्हून नाई म्हनलं. मी म्हनलं, मलेबी लागून राह्यलं. मंग आमी दोघंबी रडलो, पोट भरून." काकूंनी पदरानं माझं तोंड पुसलं. "तू नसतं सांगतलं, तं तो एकटाच भेला असता."