भावकीतला निळा उजेड

माझ्या मुलाला जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत कावीळ झाली आणि कासुर्डीची आमची सगळी भावकी दौंडच्या एका दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, लिंबाखाली, रांगेत उभी राहिली. या दोन घटनांच्या मध्ये फक्त मी होते.

काविळीत घाबरण्यासारखं काही नव्हतं. "नव्या बाळांना होते, निळ्या उजेडाखाली ठेवू, उतरेल," असं डॉक्टरांनी सांगितलं. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, डोळ्यांवर पांढरी पट्टी आणि अंगावर फक्त लंगोट. मी दर मिनिटाला पेटीत डोकावत होते. पण मी पडले निमोणे गावची फिजिक्सवाली बी.एस्सी.! घाबरून कसं चालेल?

आमचे सासरे, म्हणजे आबा, काचेला नाक लावून उभे होते.

"पोरी, ह्यो कसला उजेड म्हनायचा?"

(इथं मी 'औषधाचा' एवढंच म्हणाले असते, तर पुढचं काही घडलंच नसतं.)

"आबा, ही एक लहर आहे. रेडिओची लहर, मोबाईलची लहर, शेगडीची धग, हा उजेड, एक्स-रे, सगळी एकच भावकी! धावायचा वेग सगळ्यांचा सारखा, फक्त ढांगा लहानमोठ्या. रेडिओची ढांग लांबलचक, म्हणून तो गरीब. ढांग जितकी लहान, तितका स्वभाव तापट!"

आबांचा चेहरा उतरला. बांधाच्या भांडणांमुळे त्यांचा भावकीवर आधीच विश्वास नाही.

"म्हंजी एक्स-रे ह्याचा भाऊच?"

"हो, पण तो लांबचा..."

"लांबचाच जास्त तरास देतो! आन् माझं पोरगं उघडं ठिवलंय त्याच्या म्होरं!"

हे ऐकून सासूबाईंनी पदर पसरून पेटीच झाकली. "मावशी, उजेड अडवू नका!" सिस्टर ओरडल्या. तोवर आबा व्हरांड्यात पोचले होते. "मोबाईल बंद करा रं समदे! त्याच भावकीतले हायेत ते!"

"काय झालं?" जिन्याजवळच्या चुलत्यांनी विचारलं.

"एक्स-रे सुटलाय!"

बातमी जिना उतरेपर्यंत 'सुटलाय'ची 'गळती' झाली.

नेमके तेव्हाच आमचे हे कुरकुंभच्या केमिकल कंपनीतून पहिली शिफ्ट संपवून आले, पायात कंपनीचे बूट तसेच. 'गळती' कानावर पडताच कंपनीतलं सगळं ट्रेनिंग त्यांच्या अंगात संचारलं.

"घाबरू नका! पळू नका! वाऱ्याच्या आडव्या दिशेनं चला!" असं म्हणत त्यांनी सगळ्यांना लिंबाखाली नेलं आणि डोकी मोजायला घेतली. (त्यात पायाला प्लॅस्टर घातलेले एक परके आजोबाही होते. ते कुबड्या घेऊन सगळ्यांच्या आधी पोचले!)

मी हसायला हवं होतं. गळती कशाचीच नव्हती, हे मला नको का कळायला? पण आबांना थांबवायला व्हरांड्यात आले होते, तिथं खालून ह्यांचं "सगळे बाहेर या!" ऐकलं आणि टाके धरून मी पेटीकडे धावले.

"सिस्टर, माझं बाळ द्या!"

"ताई, काय झालंय?"

"लहरी गळतायत!"

सिस्टरनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "ताई, शिक्षण किती झालंय तुमचं?"

"दहावी," मी म्हणाले.

पेटीची छोटी खिडकी उघडून सिस्टरनी माझा हात आत सोडला. हात निळा झाला. बाळानं झोपेतच माझं बोट मुठीत धरलं आणि मला एकदम रडू फुटलं.

गळतीबिळती काही नाही, असं डॉक्टरांनी खाली जाऊन समजावल्यावर थोड्या वेळानं आबा मान खाली घालून परत आले. साबणानं दोनदा हात धुऊन, सिस्टरची परवानगी घेऊन त्यांनीही बोट आत घातलं. झेंडू खुडून पिवळं पडलेलं ते जाडजूड बोट बाळाच्या तळव्याशी कितीतरी वेळ होतं.

"चटका न्हाई गं," ते हळूच म्हणाले. "चांदन्यावानी हाय."

मग संध्याकाळपर्यंत ते तिथंच स्टूल टाकून बसले. खालून वर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला स्वतःहून सांगत होते, "ह्यो भावकीतला चांगला हाय बरं का!"

कावीळ उतरली. घरी निघताना सासूबाईंनी बाळाला टोपडं घातलं, ह्यांनी गाडी दाराशी लावली, आबा नातवाला घेऊन पुढं झाले. मी मात्र दारात घुटमळले. कोणी ऐकत नाही असं बघून सिस्टरच्या कानाशी गेले आणि विचारलं,

"सिस्टर, घरी ट्यूबलाइट लावली तर चालेल ना हो?"