निखळलेला खांदा आणि प्लास्टरबाई

सरकारी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत, प्लास्टरबाईंनी एकतीस वर्षं लोकांचे हातपाय पांढरे केले. त्यांचं खरं नाव हजेरीपटावरच उरलं होतं. डॉक्टर हाड जागेवर बसवायचे आणि निघून जायचे. पुढचं सगळं बाईंचं. पट्टी बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघायची, हलक्या हाताने पिळायची आणि गुंडाळत जायची. रडणाऱ्याची समजूत घालण्यात त्या वेळ दवडत नसत. "ओरडा खुशाल, फक्त हलू नका," एवढंच म्हणत.

या कामाने त्यांच्या डोळ्यांना एक खोड लागली होती. समोर माणूस आला की आधी त्याची चाल दिसे, मग चेहरा. बसस्टॉपवरच्या अनोळखी गृहस्थांनाही त्या बेधडक सांगत, "तुमचा उजवा बूट आतल्या बाजूने झिजलाय. गुडघा दाखवून घ्या." अशा वेळी त्यांची थोरली बहीण, ताई, लांब जाऊन बसचं वेळापत्रक वाचत उभी राही. जणू या बाईंना ती ओळखतच नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि ताईने त्यांना प्रवासाला ओढलं. ताईने शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलं होतं. नकाशावर ज्या ज्या गावांवर बोट ठेवलं, ती सगळी आता तिला पायाखाली घालायची होती. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, बाईंनी लग्नच केलं नव्हतं. दोघींना अडवणारं घरात कुणी नव्हतं. ताईचा खाक्या म्हणजे दिवसाला नऊ ठिकाणं. सकाळी यादी हातात, संध्याकाळी तिच्यावर नऊ बरोबरच्या खुणा. बाई पाण्याची बाटली आणि दोघींच्या छत्र्या सांभाळत मागून चालत आणि मनातून कंटाळत.

"किल्ले काय, राजवाडे काय, सगळ्या रिकाम्या खोल्या," त्या म्हणत. "माणूस कुठंय यात?"

माणूस सापडला तो ताईच्या गुडघ्यामुळे. एका शहरात सातव्या ठिकाणाकडे जाताना गुडघ्याने संप पुकारला. समोर एका बागेचं फाटक उघडं दिसलं आणि आत बाक होते, म्हणून दोघी शिरल्या. ती शिल्पांची बाग होती. हिरवळीवर, झाडांखाली, तळ्याच्या काठी माणसंच माणसं: दगडाची, पितळेची, लोखंडाची. ताई बाकावर बसून गुडघा चोळत राहिली. बाई मात्र जवळच्या एका दगडी बाईपुढे जाऊन थांबल्या. ती ओणवी होऊन केस पिळत होती. बाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, मग पर्स गवतावर ठेवून स्वतः तशाच ओणव्या झाल्या.

"अगं, काय चाललंय?" ताई बाकावरून म्हणाली. "लोक बघतायत."

"हिचा सगळा भार डाव्या टाचेवर आहे," बाई ओणव्यानेच म्हणाल्या. "करून बघितल्यावर कळलं. ज्याने ही केली ना ताई, त्याने कुणाला तरी असं तासन्‌तास उभं केलं असणार. बिचारीची कंबर भरून आली असेल."

त्या दिवशी यादीतली उरलेली तीन ठिकाणं तशीच राहिली. बाग बंद व्हायच्या वेळेला चौकीदाराने हाका मारल्या, तेव्हा कुठे बाई निघाल्या.

मग हा नादच लागला. कुठेही जायचं ठरलं की बाई आधी विचारत, तिथे उघड्यावरची शिल्पं आहेत का? बंद खोल्यांतल्या संग्रहालयात त्यांचं मन रमत नसे. तिथे शिल्पाभोवती दोऱ्या असतात आणि उजेड एकाच बाजूने येतो. बागेत फिरून फिरून बघता येतं. सकाळच्या तिरप्या उन्हात पाठीचा एकेक मणका मोजता येतो, दुपारी तीच पाठ सपाट होते. कुणाच्या डोक्यावर कावळा बसतो, कुणाच्या मांडीवर पोरं चढून चढून पितळ सोन्यासारखं चकाकतं. बाई फाटक उघडायच्या आधी दहा मिनिटं हजर असत. बरोबर पाव, उकडलेली अंडी आणि केळी. ताईही हळूहळू या नादाला लागली. नऊ ठिकाणं चालण्यापेक्षा एका बागेत बसणं गुडघ्याला परवडत होतं. ती बाकावर बसून प्रवासाची वही लिही, आणि बाई जी जी शिल्पं अंगाने करून बघत, त्यांची तिथे नोंद होई. धनुष्य ओढणारा: जमला. एका पायावरची नर्तकी: जमली नाही, पडता पडता वाचली.

तिसऱ्या वर्षी त्या एका टेकडीवरच्या बागेत गेल्या. तिथलं सगळ्यात नावाजलेलं शिल्प अगदी माथ्यावर होतं: ओतीव पितळेचा, दीड पुरुष उंचीचा एक माणूस. उजव्या हाताने डोक्यावरचं गाठोडं धरलेलं, डावा हात अंगापासून जरा दूर, कोपरात किंचित वाकलेला. फाटकावर मिळालेला माहितीचा कागद ताईने मोठ्याने वाचून दाखवला.

"'देहापासून दूर सरलेला हा डावा हात माणसाच्या आदिम एकटेपणाची खूण आहे. कलावंताने खांद्याची रेषा हेतुपुरस्सर मोडली आहे.'"

बाईंनी मान तिरकी करून वर पाहिलं. मग मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"एकटेपणा कसला आलाय," त्या म्हणाल्या. "खांदा निखळलाय याचा."

"हळू बोल."

"अगं बघ ना. उजव्या खांद्याला गोलाई आहे, डावा बघ कसा कोपरा काढल्यासारखा. गोळा पुढे सरकून खाली अडकलाय. म्हणून हात अंगाला चिकटत नाही. आणि हे ताजं नाही, जुनं आहे. दंडाचा स्नायू सुकलाय, दिसतो का? असे मी शेकड्याने बघितलेत."

शेजारच्या बाकावर टोपीवाले एक म्हातारबुवा पेर कापून खात होते. त्यांचा सुरी धरलेला हात थांबला.

"पुन्हा सांगता का?" ते म्हणाले.

बाईंनी सांगितलं. म्हाताऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून गोळा कुठे असतो आणि कुठून सुटतो तेही दाखवलं. ताई ओशाळून म्हणाली, "माफ करा हं, हिला सवय आहे. हॉस्पिटलात होती ना."

"माफी कसली," म्हातारे म्हणाले. "हे मीच केलंय."

ताईच्या हातातली वही खाली पडली. बाईंचा मात्र चेहरा हलला नाही. त्यांचा हात अजून शिल्पकारांच्या खांद्यावरच होता.

"मग तुम्हाला माहीत असेल," बाई म्हणाल्या.

"नाही ना. मी जे दिसलं ते केलं. एकटेपणाबिकटेपणा मागून आला, लिहिणाऱ्यांच्या डोक्यातून. मला वाटायचं त्याची उभं राहायची ढबच तशी आहे. अठ्ठावीस वर्षं लोक या खांद्यापुढे उभे राहून उसासे टाकतायत. तुम्ही पहिल्या, ज्यांना नुसता खांदा दिसला." त्यांनी पेराच्या साली कागदात गुंडाळल्या आणि उठले. "चला. तो इथेच काम करतो."

तो म्हणजे या बागेचा माळी. तळ्याच्या पलीकडे तो कुंपण छाटत होता. मोठी कात्री उजव्या हाताने चालवत होता आणि डाव्याने कमरेच्या उंचीवर नुसता आधार देत होता. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण तोच खांदा. वरच्या पितळी माणसाचा खांदा या सदऱ्याखाली बाईंना लांबूनच ओळखू आला.

"झाडावरून पडलात का कधी?" त्यांनी जवळ जाताच विचारलं.

माळी शिल्पकारांकडे बघत म्हणाला, "यांना कुणी सांगितलं?"

"तुमच्या पुतळ्याने," शिल्पकार म्हणाले.

माळी सतराव्या वर्षी झाडावरून पडला होता. गावातल्या कुणीतरी तेल लावून रगडलं, महिनाभराने दुखायचं थांबलं, म्हणून सगळे म्हणाले बरा झाला. पण हात त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही. बाईंनी त्याला बाकावर बसवलं, बोटांनी चाचपलं, हात हळूहळू फिरवून पाहिला.

"आता कुणी बसवून देतो म्हणालं तर देऊ नका," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत सांधा नव्या जागी रुळलाय. एकदा हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, ते व्यायाम सांगतील. आणि या कात्रीला लांब दांडा लावून घ्या. कमरेवर कशाला भार घेताय?"

माळी ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत चाललं होतं.

"बाई, एक चिठ्ठी लिहून द्याल?"

"मी डॉक्टर नाही हो."

"औषधाची नको. बायकोला दाखवायला. लग्नाला चोवीस वर्षं झाली. माळ्यावरचे डबे काढून द्या म्हटलं की माझा हात वर जात नाही, आणि ती म्हणते, कामचुकारपणा. आता सांगता येईल की हा आजार आहे, आणि त्याचा पुतळाही आहे."

ताई हसता हसता बाकाच्या टोकावर टेकली. शेवटी चिठ्ठी तिनेच लिहिली, शाळेतल्या बाईंच्या सुवाच्य अक्षरात, आणि खाली प्लास्टरबाईंनी सही केली.

दुसऱ्या दिवशी माळीणबाई स्वतःच आल्या, हातात चिठ्ठी घेऊन. इतकी वर्षं नवरा त्या बागेत, पण टेकडीच्या माथ्यापर्यंत त्या कधी चढल्या नव्हत्या. पाचही जणं मिळून वर गेली. माळीणबाईंनी पितळी माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हे तुम्ही?" त्या म्हणाल्या. "पोट कुठाय?"

"तेव्हा नव्हतं," माळी म्हणाला.

माळीणबाईंनी पुढे होऊन पुतळ्याच्या डाव्या हाताच्या बोटांना हात लावला. तेवढीच त्यांच्या उंचीला येत होती. "इतकं होतं तर सांगायचं ना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. आवाज वेगळाच होता, आणि माळी एकदम झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागला.

दोघी दोन दिवसांसाठी आल्या होत्या, राहिल्या आठ. ताईने पुढची तिकिटं बदलून आणली आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. शिल्पकारांची कामाची शेड बागेच्या मागच्या अंगाला होती. तिथे मातीची एक आकृती जवळपास तयार होती: बाळाला कडेवर घेतलेली बाई. शिल्पकारांनी बाईंना तिच्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, "बोला. साच्यात जायच्या आधी बोला."

बाईंनी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या. मग एक उशी कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. "बाळ डावीकडे घेतलंय तर कंबर डावीकडे बाहेर येईल. तुम्ही सरळ ठेवलीय. अशाने मूल घसरेल." शिल्पकारांनी उशीकडे पाहिलं, बाईंच्या कमरेकडे पाहिलं आणि मातीत अंगठा रोवला. दोन दिवस ते कंबरच करत होते.

मग साच्याची वेळ आली. शेडमध्ये प्लास्टरची पोती होती, बादल्या होत्या, पाण्याचा तोच खडूसारखा वास होता. बाईंनी न विचारता बाह्या वर सारल्या. शिल्पकारांची पद्धत वेगळी होती. ते पातळ प्लास्टर ओंजळीने आकृतीवर फेकत. बाई कडेच्या नाजूक भागांवर पट्ट्या गुंडाळत गेल्या: बाळाची टाच, आईची बोटं, गळा. हात आपोआप चालत होते. मध्येच त्या थांबल्या.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही गं," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांत पहिल्यांदाच प्लास्टरखाली कुणी कण्हत नाहीये."

आणि त्या हसायला लागल्या, कोपरापर्यंत पांढऱ्या हातांनी, नाकावर प्लास्टरचा ठिपका घेऊन. पट्टी सुकायच्या आत आटपायला हवी म्हणून हसता हसताच त्यांनी पुढची बादलीत बुडवली.

साचा उघडला त्या दिवशी माळीणबाईंनी सगळ्यांसाठी चहा आणला. मातीची आकृती फोडून काढल्यावर आत राहिली होती ती फक्त पोकळी, बाळाच्या आणि आईच्या आकाराची. बाईंनी त्या पोकळीत हात घालून कमरेचा बाक तपासला, समाधानाने मान हलवली आणि म्हणाल्या, "आता नाही घसरायचं." मग सगळे चहाचे पेले घेऊन बाहेर गवतावर जाऊन बसले.